दोन ओळींची रीत

मुलाखतीच्या दिवशी सरांनी तिला ओळखलं नाही. याचा तिला आधी राग आला आणि जिना उतरेपर्यंत आनंद झाला. ओळखलं असतं तर नोकरी हुकली असती, आणि नोकरी हुकली असती तर पंधरा वर्षं पोटात ठेवलेलं काम तसंच राहून गेलं असतं.

शाळा खाजगी होती, माध्यमिक, आपले नियम आपणच करणारी. इमारत तीन मजली आणि प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या. अ तुकडी तळमजल्यावर, ग्रंथालयाला लागून. ड तुकडी तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीखाली, जिथे पंप सुरू झाला की शिक्षकाला वाक्य अर्धवट सोडून थांबावं लागे. गणित विभागाचे प्रमुख म्हणजे हे सर. पाठ ताठ, मान ताठ, फळ्याकडे वळतानाही पाय जुळवून वळणार. मुलं पाठीमागे त्यांना ‘काटकोन’ म्हणत. हे नाव इतकं जुनं होतं की काही मुलांच्या आईबापांनीही ते वापरलेलं होतं. तिनेही वापरलं होतं. ती याच शाळेत शिकलेली, क तुकडीतली. तेव्हा तिचं आडनाव वेगळं होतं आणि वजन निम्मं.

तिची आई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश तिच्याच मशीनवर शिवले जात, म्हणून मुलीला फी माफ होती. दरवर्षी नववीसाठी गणिताची प्रावीण्य परीक्षा व्हायची आणि पहिल्या आलेल्या मुलाचं नाव दर्शनी भागातल्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत लागायचं. पेपर सर काढत, सरच तपासत. अ तुकडीच्या मुलांना थेट बसता येई, बाकीच्यांना सरांची परवानगी लागे. त्या वर्षी एका नव्या शिक्षिकेने तिच्यासाठी शब्द टाकला आणि ती बसली.

शेवटचं गणित असं होतं. काटकोन त्रिकोण, बाजू आठ, पंधरा आणि सतरा. त्याच्या आत तिन्ही बाजूंना टेकणारं वर्तुळ. त्रिज्या काढा. सरांची रीत क्षेत्रफळाची होती. त्रिकोणाचे तीन त्रिकोण करायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ मांडायचं, बेरीज करायची. पाऊण पान जाई. तिला आकृती काढतानाच दिसलं की काटकोनाच्या कोपऱ्यापासून वर्तुळ जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजेच त्रिज्या. ती आठातून काढली, पंधरातून काढली, की उरलेले दोन तुकडे मिळून सतरा भरलेच पाहिजेत. आठ आणि पंधरा तेवीस, त्यातून सतरा गेले सहा, सहाचं निम्मं तीन. तिने दोन ओळी लिहिल्या आणि पेपर देऊन टाकला. घरी जाताना ती जवळजवळ पळत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. पेपर त्यांच्या पुढ्यात होता.

“ही रीत तुझी नाही,” सर म्हणाले.

“माझीच आहे सर.”

“क तुकडीच्या मुलीला ही सुचत नाही. कुठून उतरवलीस तेवढं सांग.”

तिने फळ्यावर करून दाखवते म्हटलं. सर म्हणाले, पाठ केलेलं कुणीही करून दाखवेल. मग आईला निरोप गेला. आई हातातलं काम टाकून आली, मनगटाला बांधलेली टाचण्यांची गादी सोडायचीही तिला आठवण राहिली नव्हती. सरांनी शिस्तीची वही उघडून तिच्यापुढे सरकवली. मुलीने नक्कल केली, पुन्हा करणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. आईने सही केली. मग मुलीने केली, कारण आईने पेन तिच्या हातात दिलं होतं.

घराच्या दाराशी आल्यावर आई एवढंच म्हणाली, “सर कशाला खोटं बोलतील?”

त्यानंतर प्रत्येक परीक्षेच्या सकाळी आई तिच्या बाह्या चाचपून बघायची. तोंडाने काही नाही. कॉलर सारखी केल्यासारखं करायची, मग हात बाह्यांवरून खाली न्यायचा, दुमड दाबून बघायची. शिवणाऱ्या बाईचा हात तो, कागदाचा कपटाही त्याला लपला नसता. दहावीला बघितलं, कॉलेजच्या पहिल्या वर्षालाही बघितलं. दुसऱ्या वर्षी आई गेली. आपली पोर एकदा नक्कल करताना सापडली होती, हे मनात घेऊनच गेली.

त्या पेपरावर मिळालेलं शून्य तिने कदाचित माफ केलं असतं. या बाह्यांचं उट्टं मात्र काढायचंच, हे तिने आईच्या तेराव्या दिवशी ठरवलं. गणितात पदवी घेतली, पुढची पदवी घेतली, शिक्षणशास्त्राची परीक्षा दिली, दोन दुसऱ्या शाळांत उमेदवारी केली. याच शाळेत जागा निघाली तेव्हा हातातली बरी नोकरी सोडून अर्ज टाकला. नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं आणि तो मोजून बोलणारा माणूस होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “अगं, एका पगारात एकच काम करावं. एक तर शिकव, नाही तर सूड घे.” तिने सांगितलं की तिला दोन्ही जमेल.

घाई तिने केली नाही. सरांना ती रोज वाकून नमस्कार करी. त्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देई, त्यांच्या रजेच्या दिवशी त्यांचे तास घेई, त्यांच्या विनोदांवर इतरांपेक्षा क्षणभर आधी हसे. सर सगळ्यांना सांगत की विभागात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कामाचं माणूस आलं. ती हे ऐकून मान खाली घाली आणि सरांना वाटे, ही लाजली. शिक्षकखोलीत त्यांची खुर्ची खिडकीपाशी होती. तिथून ते तुकड्यांबद्दल बोलत. अ म्हणजे अव्वल, ब म्हणजे बरी, क म्हणजे कशीबशी आणि ड म्हणजे डबा, हे ते दर जूनमध्ये नव्याने सुचल्यासारखं सांगत. ती प्रत्येक वाक्य लक्षात ठेवत होती.

आठव्या वर्षी ती परीक्षा समितीची चिटणीस झाली. मुख्याध्यापिका नीटनेटक्या कागदाला भुलणाऱ्या होत्या, आणि नीटनेटका कागद करण्यात हिचा हात कुणी धरला नसता. चिटणीसपदाच्या पहिल्या वर्षी तिने सुचवलं की प्रावीण्य परीक्षेच्या पेपरांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा. सगळ्यांना ते पटलं. पुढच्या वर्षी सुचवलं की पेपर बाहेरच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी काढावा आणि तपासावा, म्हणजे शाळेचं नाव होईल. सरांनी कपाळाला आठी घातली, पण मुख्याध्यापिकांना शाळेचं नाव व्हायला हवंच होतं. तिसऱ्या वर्षी तिने परवानगीची अट काढायला लावली. सर हसून म्हणाले, “काढा की. डब्यालाही जरा वाजू द्या.”

त्याच वर्षी तिने नववी ड मागून घेतली. सरांना ही मागणी म्हणजे निव्वळ वेडेपणा वाटला आणि त्यांनी लगेच मंजुरी दिली.

ड तुकडीतून तिने सहा मुलं निवडली आणि त्यांना शाळा भरण्याआधी तासभर बोलवायला लागली. प्रत्येक गणित तीन रीतींनी करायचं, असा तिचा नियम. पहिली रीत पुस्तकातली, दुसरी आपली, आणि तिसरी, जी अजून कुणाला सुचली नाही ती. उत्तर चुकलं तर ती रागवत नसे, दोनच रीतींवर थांबलं तर मात्र फळ्यापाशी पुढच्या मुलाला बोलावी. ती उत्तम शिकवायची, यात वाद नाही. सरांच्या अर्ध्या आयुष्यात जेवढ्या रीती फळ्यावर आल्या नसतील, तेवढ्या त्या तिसऱ्या मजल्यावर सहा महिन्यांत आल्या.

पण ती नुसती शिकवत नव्हती. मुलं ढेपाळली की ती त्यांना शिक्षकखोलीतली वाक्यं सांगायची. डबा ही गोष्ट तिने त्यांना शब्दशः सांगितली, कुणी म्हटलं तेही सांगितलं. मुलांचे चेहरे उतरले, मग लाल झाले, आणि दुसऱ्या दिवशी सहाही जण वीस मिनिटं आधी येऊन बसले. हे करू नये, हे तिला कळत होतं. ते लागू पडत होतं, म्हणून तिने पुन्हा केलं.

त्या सहांत एक मुलगी होती, तिला सगळे मुंगी म्हणत. चणीने एवढीशी, अक्षरही इतकं बारीक की वही डोळ्यांजवळ धरावी लागे, आणि दिवसभर काही ना काही सोडवत बसलेली. वडील बस दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला. ही मुलगी सांगितलेलं करत नसे, आधी ते उलटं करून बघे आणि मग नवीनच काहीतरी घेऊन येई. पहिल्यांदा तिची वही तपासताना बाईंचा हात थांबला. शिकवायला लागल्यापासून असं डोकं त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं, आणि ते सापडल्यावर त्यांच्या मनात पहिला विचार आला तो सरांचं तोंड कसं उतरेल याचा.

जानेवारीत मुंगीची आई शाळेत आली. पोरगी झोपेत आकडे बोलते, म्हणाली. चाचणीच्या दिवशी सकाळी उलटी होते, खाल्लेलं अंगी लागत नाही. थोडे दिवस तिला या जादा तासांतून सोडाल का, असं तिने दोनदा विचारलं. बाईंनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि परीक्षा होईपर्यंत कळ काढा म्हणून समजावलं. मुंगीच्या आईने मान हलवली. शिक्षकांनी सांगितलेलं ऐकायचं असतं, असं मानणारी तीही एक आई होती. ती जिना उतरून जाईपर्यंत आपण तिच्याकडे पाहत का राहिलो नाही, हे नववी डच्या बाईंना पुढे फार टोचलं. त्या दिवशी त्या लगेच वर्गात वळल्या होत्या.

निकालाचं पाकीट मार्चमध्ये शिक्षकखोलीत उघडलं. सगळे शिक्षक हजर, मुख्याध्यापिका मध्यभागी. क्रमांक वाचायचे आणि यादीतून नाव शोधायचं, असं काम. तिसरा अ तुकडीतला निघाला, दुसराही अ तुकडीतला. पहिला क्रमांक वाचल्यावर मुख्याध्यापिकांनी यादीवर बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि मग मुंगीचं नाव घेतलं. प्राध्यापकांनी सोबत चिठ्ठी जोडली होती. या विद्यार्थ्याने दोन गणितं मला अपेक्षित नसलेल्या रीतींनी सोडवली आहेत, अभिनंदन, असं त्यात होतं.

बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या फक्त ऐकत होत्या. मुंगीचं पहिलं येणं हा बाईंचा सूड नव्हताच. त्यांना सरांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि ते येणार याची त्यांना सूर्य उगवण्याइतकी खात्री होती.

सरांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. “ही रीत तिची नाही,” ते म्हणाले. “पेपर फुटलेला आहे. ड तुकडीच्या मुलीला हे सुचत नाही.”

बाईंना हवं होतं ते हेच वाक्य. त्या उभ्या राहिल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “सर, आरोप मोठा आहे. मुलीला इथे बोलवू. गणित तुम्ही घाला, आत्ता, तुमच्या मनातलं. म्हणजे फुटायचा प्रश्न नाही.”

आता मागे फिरणं सरांना शक्य नव्हतं. मुंगीला बोलावून आणलं. बारा शिक्षक पाहून ती दारातच थबकली. सरांनी त्यांचं ठेवणीतलं गणित घातलं. दोन खांब, एक सहा मीटरचा, एक तीन मीटरचा. प्रत्येकाच्या टोकापासून दुसऱ्याच्या पायथ्याशी तार बांधली आहे. तारा एकमेकींना जमिनीपासून किती उंचीवर छेदतात? खांबांमधलं अंतर त्यांनी दिलं नाही, आणि तिथेच मुलं अडकत.

मुंगी फळ्यापाशी गेली, खडू उचलला, आणि वळून विचारलं, “सर, कोणत्या रीतीने करू?”

कुणीतरी खोकलं. सर म्हणाले, कोणत्याही. तिने समरूप त्रिकोणांनी केलं, उत्तर दोन मीटर आलं. मग कुणी न सांगता तिने शेजारी आलेखाचे अक्ष काढले आणि दोन रेषांच्या समीकरणांनी पुन्हा दोन मीटर काढलं. तिसरी रीत सुरू करणार तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी पुरे म्हटलं. सरांचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते पाठीला बाक काढून बसलेले दिसले. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, जे पंचवीस वर्षं त्यांचे टोमणे खात होते, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाकीच्यांनी साथ दिली. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या सरांकडे बघत होत्या, आणि त्यांना ते दृश्य पोटभर बघायचं होतं.

बाहेर व्हरांड्यात मुंगी भिंतीला टेकून उभी होती. हात खडूने पांढरे, ओठही तसेच.

“बाई, सर असं म्हणणार हे तुम्हाला आधी माहीत होतं?”

खोटं बोलता आलं असतं. “हो,” बाई म्हणाल्या.

“मग मला सांगितलं का नाही? मला वाटलं, मी खरंच काहीतरी केलंय. येताना जिन्यावर मी आठवत होते, काय केलं असेल.”

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, नुसती बाजूला सरकली.

शाळा सुटल्यावर सर शिक्षकखोलीत एकटे होते. बाई आत गेल्या आणि कागदावर त्रिकोण काढला. आठ, पंधरा, सतरा. खाली आपल्या दोन ओळी लिहिल्या आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी तो उचलला. वाचता वाचता त्यांचा चेहरा निवळत गेला. दिवसभराचा अपमान विसरून ते आकृतीवर बोट फिरवत राहिले.

“सुरेख आहे,” ते म्हणाले. “फार सुरेख. कुणाची?”

“माझी. पंधराव्या वर्षीची. याच शाळेत, तुमच्याच पेपरात लिहिली होती. तुम्ही शून्य दिलं होतंत आणि माझ्या आईची सही घेतली होतीत.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने लग्नाआधीचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, आईचं काम सांगितलं. त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला, हे तिला दिसत होतं. शेवटी त्यांनी मान हलवली.

“असेल,” ते म्हणाले. “मला आठवत नाही, बाई.”

एवढ्या वर्षांत तिने या भेटीची शंभर रूपं मनात रंगवली होती. सर नाकारतील, चिडतील, माफी मागतील, हात जोडतील. ते विसरले असतील, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. ज्या दिवसाने आईचा विश्वास नेला तो दिवस या माणसाच्या लेखी बुधवार किंवा गुरुवार, असा कुठलातरी वार होता. तिचा राग विझायचा तो दुप्पट झाला. तिने पेन पुढे केलं आणि त्याच कागदावर लिहायला लावलं की ही रीत हिची स्वतःची आहे, हिने नक्कल केली नव्हती. सरांनी मुकाट्याने लिहिलं, सही केली, तारीख घातली. ती कागद घेऊन घरी गेली. तो कुणाला दाखवायचा हा प्रश्न तिला दारात किल्ली घालताना पडला. नवऱ्याने वाचला, घडी घातली, आणि चहा टाकायला आत गेला.

एप्रिलमध्ये सरांनी विभागप्रमुखपद सोडलं. ते तिच्याकडे आलं. नव्या वर्षाचं वेळापत्रक तिनेच लावलं. सरांना तिने नववी ड दिली, दहावी ड दिली, आणि त्यांचे तास असे विखुरले की दिवसातून चार वेळा तिसरा मजला चढावा लागेल. त्यांचे गुडघे दुखतात हे तिला ठाऊक होतं. मुख्याध्यापिकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ड तुकडीला अनुभवी शिक्षक हवा. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं असतं तर तिने नाही म्हणूनच सांगितलं असतं. व्हरांड्यात उभं राहून कठडा धरून चढणारे सर बघायला ती मुद्दाम बाहेर येई.

त्याच जूनमध्ये दहावीचे विषय निवडायचे फॉर्म आले. वरच्या पातळीचं गणित सोडून साधं घ्यायचं असेल तर विभागप्रमुखाची सही लागे. गठ्ठ्यात मुंगीचा फॉर्म होता. बारीक अक्षरात तिने साधं गणित लिहिलं होतं. बाईंनी तिला बोलावून घेतलं. पुन्हा विचार कर म्हणाल्या, तुझ्यासारखी मुलगी शाळेत आजवर आली नाही म्हणाल्या, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मुंगीने सगळं ऐकून घेतलं.

“मला आता ते आवडत नाही, बाई,” ती म्हणाली. “सही करता?”

फलकावर तिचं नाव नुकतंच लागलं होतं, रंग अजून चकाकत होता. बाईंनी फॉर्म दोन दिवस ठेवून घेतला, तिसऱ्या दिवशी सही केली. त्यांच्या मनात आलं की आपल्या दोन ओळी सरांनी खोट्या ठरवल्या तरी आपलं गणित त्यांना हिरावता आलं नव्हतं. यापुढे तिने विचार केला नाही, किंवा केला तर कुणाला सांगितला नाही. एवढंच की पुढच्या वर्षीपासून सकाळचे जादा तास तिने बंद केले.

सर दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत विभागप्रमुख म्हणून तिला बोलावं लागलं. सभागृहात सगळे जरा सावरून बसले, कारण एव्हाना थोडंफार सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. तिने सांगितलं की चौतीस वर्षांत सर वर्गावर एकदाही उशिरा गेले नाहीत. ते खरं होतं. मग ती खाली बसली. मुख्याध्यापिका आणखी काहीतरी येईल म्हणून थांबल्या, आणि नंतर त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

सभा संपल्यावर सर तिच्यापाशी आले. गुडघ्यांनी आता त्यांना काठी धरायला लावली होती. त्यांनी सांगितलं की त्यांनी घरी बसून पुष्कळ आठवून पाहिलं, अजूनही तो दिवस आठवत नाही. पण टाचण्यांची गादी हाताला बांधून आलेली एक बाई त्यांना आठवते. ती पुष्कळ वेळ दारात उभी होती, कारण तिला आत या असं कुणी म्हटलं नव्हतं.

सर थोडे थांबले, मग जिन्याकडे वळले. त्यांना हात द्यायला कुणीतरी पुढे आलं. ती पुढे झाली नाही.

तास झाल्याची घंटा वाजली. तिने खडूची पेटी उचलली आणि नववीच्या वर्गावर गेली.